विटाळ न होऊ देता माणूस कसा धरून द्यावा

दरवर्षी उपवासकाळ आला की मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो आणि दरवर्षी आपण सगळे मिळून त्याला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योत या शिष्याला मनातल्या मनात दोन शिव्या घालून घरी येतो. चुकीचं आहे असं नाही. पण त्यात आपलं नुकसान होतं. यहूदाकडे बघत बसल्यामुळे बाकीच्या मंडळींनी केलेलं सुबक काम आपल्या नजरेतून निसटतं. एक निर्दोष माणूस गुरुवारी रात्री जेवणावरून उठतो आणि मार्काच्या हिशेबाने शुक्रवारी सकाळी नऊला वधस्तंभावर असतो. मधल्या वेळात तो हन्ना आणि कयफा हे बडे याजक, न्यायसभा, रोमचा सुभेदार पिलात, गालीलचा अधिपती हेरोद आणि पुन्हा पिलात असा फिरवला जातो, आणि एकाच्याही हाताला रक्त लागत नाही. उलट प्रत्येक जण आपापल्या जागी नियमाने वागलेला असतो.

तुम्हालाही कधी ना कधी कुणाला तरी धरून द्यावं लागणारच आहे. सोसायटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, किंवा मंडळीच्या कमिटीत (तिथे तर हमखास). तेव्हा मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चारही शुभवर्तमानं मार्गदर्शिका म्हणून वाचायला शिका.

सुरुवातीलाच सांगतो, पैशाचं तोंडाने काढू नका. यहूदा इथेच फसला. थेट मुख्य याजकांकडे जाऊन काय द्याल असं विचारून बसला. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्याला 'तीस रुपये' तोलून दिले असं वाचत आपण लहानाचे मोठे झालो. नाणी चांदीची होती, पण तीस रुपये म्हटलं की रक्कम कशी अंगाला चिकटते. निर्गमच्या पुस्तकात बैलाने कुणाचा दास शिंगाने मारला तर धन्याला जी भरपाई द्यायची, ती हीच, तीस शेकेल. एवढ्याशा रकमेसाठी माणसाने दोन हजार वर्षं नाव खराब करून घ्यावं?

तोच यहूदा आठवडाभर आधी बेथानीत किती हुशारीने वागला होता! मरियेने जटामांसीचं भारी तेल येशूच्या पायांवर ओतलं, घर वासाने भरून गेलं, आणि हा म्हणाला, तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना का नाही दिलं? एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे जवळपास वर्षाची कमाई झाली. मुद्दा कसा बिनतोड! पैशाची थैली त्याच्याच काखेत असायची आणि तो तीत हात घालायचा, हे योहान सांगतो, पण त्या पंगतीत कुणी बोललं नाही. ज्याला खाली ओढायचं त्याच्यासमोर नेहमी गरीब उभे करा. गरीब काही स्वतः येऊन खुलासा करत नाहीत.

अटकेचं म्हणाल तर सामान भरपूर न्या. वल्हांडण हा यहुद्यांचा सण पौर्णिमेला येतो, म्हणजे त्या रात्री गेथशेमानेच्या बागेत चांदणं पडलेलं असणार. तरी ही मंडळी कंदील, मशाली, तरवारी आणि सोटे घेऊन किद्रोन ओहोळापलीकडे निघाली. कशासाठी? जो माणूस रोज मंदिरात सगळ्यांसमोर बसून शिकवत होता, त्याच्यासाठी. त्याने तसं विचारलंही. पण सोटे पाहिले की बघणाऱ्याला वाटतंच, काहीतरी असल्याशिवाय एवढे लोक आले नसतील.

आणि जवळ जाताना गोड बोला. 'गुरुजी, सलाम' म्हणून मुका घ्या. हल्ली शाल आणि श्रीफळ चालतं.

आता तुम्ही धरून देणारे नसून त्याचे मित्र असाल, तर तुम्हाला सोय जास्त आहे. एक तर झोपून जा. पेत्र, याकोब आणि योहान हे शिष्य तीनदा झोपले आणि मत्तय म्हणतो त्यांचे डोळे जड झाले होते. दमलेल्या माणसाला कोण बोलणार? झोप उडालीच, तर त्वेषाने उठा आणि सगळ्यात खालच्या माणसावर वार करा. पेत्राने तरवार उपसली ती ना पलटणीच्या सरदारावर, ना याजकांच्या माणसांतल्या कुणा बड्यावर. उजवा कान गेला तो प्रमुख याजकाच्या नोकराचा. मल्ख त्याचं नाव, एकटा योहान ते लिहून ठेवतो. बिचारा हुकुमाचा ताबेदार. तुम्हीही व्यवस्थेवर राग आला की वॉचमनवर ओरडा, काउंटरवरच्या मुलीला झापा. निष्ठाही दिसते आणि वरच्यांशी संबंधही बिघडत नाहीत. फक्त ज्याच्यासाठी तरवार काढली तोच खाली वाकून त्या नोकराचा कान बरा करत बसला, तर जरा पंचाईत होते.

पण खरं शिकण्यासारखं आहे ते पहाटेचं.

रात्रभर चौकशी झाली. साक्षीदार आणले, त्यांचं एकमेकांशी जुळेना. कयफाने आधीच सांगून ठेवलं होतं की सबंध राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावं हे हिताचं. या वाक्यात दोष काढून दाखवा! हिशेबाच्या वहीत सुद्धा बसतं. उजाडता उजाडता येशूला बांधून पिलाताच्या सरकारवाड्यात नेलं, आणि दारापाशी येऊन सगळे थांबले. आत परराष्ट्रीयाचं घर. आत गेलं तर विटाळ होणार आणि सणाचं भोजन चुकणार.

योहान १८:२८. हे वचन मी आयुष्यभर ऐकत आलो आणि एकदाही अडखळलो नाही. आपल्याकडे सोवळं म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला नको. ज्यांनी ते शतकानुशतकं दारात उभं राहून सोसलं, त्यांच्यातल्याच कितीतरी घरांनी महाराष्ट्रात येशूचं नाव घेतलं. मग आम्हीच देवळात बाक वेगळे केले, लग्नं जमवताना जुनी जात विचारली, आणि उत्तम शुक्रवारी पांढरे कपडे घालून याच वचनाला 'आमेन' म्हटलं. असो. मार्गदर्शनाकडे वळू.

तर उंबरठ्याबाहेर उभं राहायचं, हे लक्षात ठेवा. माणूस आत पाठवायचा, आपण बाहेर. रोमचा सुभेदार तुमच्यासाठी बाहेर येईल, आत जाईल, पुन्हा बाहेर येईल. पिलाताच्या त्या सकाळच्या फेऱ्या मोजून बघा, पाय दुखले असतील बिचाऱ्याचे. सोवळं पाळणाऱ्याची अशी बडदास्त ठेवावीच लागते.

(इथे कुणी 'ते यहूदी लोकच तसे' असं म्हणत मान डोलवत असेल, तर त्यांना माझ्यातर्फे पैकीच्या पैकी गुण. हात धुण्याचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात रक्तरंजित प्रकार ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं वापरला. कॅथलिक चर्चने तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर आणि आजच्या यहुद्यांवर येशूच्या मरणाचा दोष लादता येत नाही, असं अधिकृतपणे लिहून द्यायला २८ ऑक्टोबर १९६५ उजाडावं लागलं. येशू, पेत्र, मरिया, सगळेच यहूदी होते, हे तोवर बहुधा कामाच्या गडबडीत राहून गेलं असावं.)

इतकाच काटेकोरपणा पैशात ठेवा. यहूदाला पस्तावा झाला, तो नाणी घेऊन परत आला, म्हणाला निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं. उत्तर मिळालं, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. हे उत्तर पाठ करून ठेवा, कुठल्याही खिडकीवर चालतं. त्याने नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला. मागे नाणी जमिनीवर आणि याजकांची बैठक. विषय एकच, ही रक्कम कोणत्या खात्यात घालायची? दानकोशात घालणं नियमात बसत नाही, कारण हे रक्ताचं मोल आहे. म्हणजे यहूदाला द्यायला बाहेर काढताना ते पैसे शुद्ध होते, परत आत घेताना अशुद्ध झाले! शेवटी कुंभाराचं शेत घेतलं, परक्यांना पुरण्यासाठी. समाजोपयोगी काम. आज आपण असतो तर संगमरवरी पाटीवर सर्वांची नावं कोरली असती. त्या काळच्या लोकांनी मात्र त्याला हकलदमा म्हटलं, रक्ताचं शेत. लोकांना चांगलं काही बघवतच नाही.

पिलाताकडून सरकारी नोकरीतल्यांनी शिकावं. हा काही कवितेतला माणूस नाही. इ.स. २६ ते ३६ अशी दहा वर्षं यहूदियाचा कारभार त्याने केला, आणि कैसरियात १९६१ साली सापडलेल्या दगडावर त्याचं नाव कोरलेलं आहे. आरोपी गालीलचा आहे असं कळताच त्याने काय केलं? 'हे आमच्या हद्दीत येत नाही.' पाठवला हेरोदाकडे. हेरोदाने चमत्काराची मागणी केली, गंमत केली, झगझगीत वस्त्र घालून परत पाठवला. लूक सांगतो, त्या दिवसापासून दोघांचं वैर मिटलं. टोलवाटोलवीतून अशी घरोब्याची नाती जमतात.

लूकाच्या वृत्तांतात पिलात तीनदा म्हणतो, मला याच्यात दोष दिसत नाही. आणि लगेच पुढे, म्हणून याला फटके मारून सोडतो. या 'म्हणून'ला माझा साष्टांग नमस्कार. समतोल म्हणतात तो हाच. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं ऐकायचं, म्हणजे निर्दोष माणसाच्या वाट्याला निदान अर्धी शिक्षा तरी येते. सत्य काय आहे, असं विचारावं आणि उत्तराला न थांबता बाहेर जावं. बायको निरोप पाठवते, त्या नीतिमान माणसाच्या भानगडीत पडू नका, मला स्वप्नात फार त्रास झाला. अशा वेळी मान हलवावी. बाहेरून आवाज येतो, याला सोडलंत तर तुम्ही कैसराचे, म्हणजे रोमच्या सम्राटाचे, मित्र नाही. इथे मात्र मान हलवून भागत नाही, कारण हा प्रश्न पगाराचा असतो. मग पाणी मागवावं आणि सगळ्यांसमोर हात धुवावेत. हे पाणी फक्त मत्तयात आहे. पण तेवढीच एक गोष्ट सगळ्या जगाने उचलली.

आणि हे सगळं करायचा तुमचा स्वभाव नसेल, तुम्ही साधे, भिडस्त, भले माणूस असाल, तर शेकोटी आहेच.

आमच्या मंडळीत एका माणसावर दानपेटीच्या हिशेबावरून बालंट आलं. पैसे त्याने घेतले नव्हते. कुणी घेतले होते तेही चारपाच जणांना ठाऊक होतं, त्यात मी एक. नाताळात आम्ही त्याच्याच घरच्या करंज्या खायचो. कमिटीची बैठक बसली, चहा आला, आणि कुणीतरी सहज, अगदी सहज मला म्हणालं, "तुमचं जाणं-येणं होतं ना त्यांच्याकडे?" मी म्हणालो, "तसं विशेष नाही." तेव्हा माझ्या कपात बिस्किट तुटून पडलं होतं आणि मी ते चमच्याने काढत होतो. फार मन लावून काढत होतो. तो दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं असेल, मला माहीत नाही, मी बिस्किट काढत होतो.

पेत्राला हे जमलं नाही. अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा राहिला, एका दासीने ओळखलं, गालीलच्या बोलीने पकडून दिलं, तीनदा येशूला ओळखत नाही म्हणाला, इथवर ठीक. पण प्रभूने वळून पाहिलं तेव्हा याने मान वर केली. मग बाहेर जाऊन रडणं आलं.

मूळ ग्रीकमध्ये कोळशाच्या विस्तवाला जो शब्द आहे, तो सबंध नव्या करारात दोनदाच येतो. एकदा या अंगणात. दुसऱ्यांदा तिबिर्य समुद्राच्या काठी, सकाळी, वर मासे भाजत ठेवलेले, बाजूला भाकर. आणि मरणातून उठलेला तोच येशू पेत्राला न्याहारीला बोलावतो, खाणं झाल्यावर तीनदा एकच प्रश्न विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का?

तिथून कुणी हाक मारली तर जाऊ नका. आत्ताच चहा झाला म्हणावं.