१८९७ साल आणि ती शिडी

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय: 'बुद्धी ही पहिली पायरी, शहाणपण दुसरी, करुणा तिसरी. बुद्धीशिवाय जी दिसते ती करुणा नव्हे, भाबडेपणा.' वाचताना मान डोलते खरी. पण हीच शिडी १८९७ च्या प्लेगात मुंबई-पुण्याला नेऊन टेकवून बघा.

'बुद्धीतून शहाणपण येतं.' पुण्यात प्लेगचा बंदोबस्त रँडकडे होता. आयसीएस झालेला माणूस, तेव्हा डोक्याची उणीव नव्हती. घरं तपासा, रोगी हलवा, सामान जाळा, हे सगळं तर्काला धरूनच होतं. लोकांच्या भावना जपा, अशा सूचनाही कागदावर होत्या. पण देवघरात बुटांसकट गोरे सोजीर शिरले की लोक रोगी दडवणार, हे कुणाही शेजारणीनं सांगितलं असतं. तसंच झालं.

'प्रतिभा असली की पुढचं सगळं जमतं.' इथे मला प्लेगची लस बनवणारा शास्त्रज्ञ हाफकिन आठवतो, आणि त्याच्याबद्दल जरा लिहिल्याशिवाय राहवत नाही. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तो मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब सोडायचा. त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत वाढायचे. मग ते तापवून मारायचे, की लस तयार. तुपाची ही कल्पना सुचणं म्हणजे निखळ प्रतिभा! १० जानेवारी १८९७ ला त्यानं पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. म्हणजे धाडसही होतं. तरी लोक टोचून घ्यायला बिचकत होते. त्यांची भीती मोडायला इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान पुढे आले. वय जेमतेम वीस. अनुयायांसमोर त्यांनी स्वतःला टोचून घेतलं, तेही पुन्हा पुन्हा. लस एकाची, शहाणपण दुसऱ्याचं. दोन्ही एकाच डोक्यात असायला हवं असं कुठे आहे? (आणि 'शहाणपण वयानं येतं' म्हणणाऱ्यांनी त्यांचं वय पुन्हा वाचावं.)

आता तो 'भाबडेपणा'. ह्याच शब्दानं मला हे लिहायला बसवलं. सावित्रीबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर म्हणजे त्यांचाच मुलगा, यशवंत. हा रोग काय करतो हे त्या रोज डोळ्यांनी बघत होत्या. त्यामुळे 'बिचारीला ठाऊक नव्हतं' ही सबब चालणार नाही. मुंढव्याच्या वस्तीत एक पोर तापानं फणफणलेलं पडलं होतं. त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत आल्या. १० मार्चला प्लेगनंच गेल्या.

भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी त्या वस्तीत, त्या पोरासमोर उभं राहून दुसरं काय करायला हवं होतं, तेही एकदा लिहून फिरवावं.