राष्ट्राध्यक्ष व्हायचंय? आधी एखादी खाण पाहा

पैसा आहे, खाणी आहेत, तरी जिवाला चैन नाही? मग बोलिव्हियाचे माजी राष्ट्राध्यक्ष गोन्झालो सांचेस दे लोसादा ऊर्फ ‘गोनी’ यांचा कित्ता गिरवा.

तयारी लहानपणापासून हवी. बालपण अमेरिकेत काढा, शिकागो विद्यापीठात शिका आणि स्पॅनिश अशा थाटात बोला की गावाने ‘ग्रिंगो’, म्हणजे परका गोरा, म्हणावं. मग ‘कोमसुर’सारखी खाण कंपनी काढून गब्बर व्हा. १९८५ च्या आर्थिक फर्मानाला हातभार लावा. त्याने महागाई आटोक्यात आली, हे मान्यच करायला हवं. सरकारी खाणींतले वीस हजारांहून जास्त कामगारही घरी आले. खासगी खाणवाल्याने त्यात वाईट वाटून घेऊ नये.

१९९३ मध्ये खुर्ची मिळाली की तेल, रेल्वे, टेलिफोन, विमानं यांतला निम्मा वाटा आणि कारभाराच्या किल्ल्या परदेशी कंपन्यांकडे द्या. उरलेला निम्मा जनतेचा. तो तिने कागदावर बघावा. निवडणुकीच्या वर्षी म्हाताऱ्यांच्या हातावर २४८ डॉलर ठेवायला विसरू नका.

२००२ मध्ये पुन्हा उभे राहा. प्रचाराला वॉशिंग्टनचे सल्लागार आणा. साडेबावीस टक्के मतं पुरतात, बाकीचं संसद बघून घेते. मग पगारावर कर लावा. पोलीसच बंड करून लष्करावर गोळ्या झाडू लागले, तर कर मागे घ्या आणि नवा विषय काढा: देशाचा गॅस चिलीच्या बंदरातून परदेशी पाठवायचा. ज्या चिलीने युद्धात समुद्रकिनारा हिसकावला, त्याच चिलीच्या! एवढी नेमकी जखम शोधायला सल्लागारच लागतात.

याविरुद्ध डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहराच्या लोकांनी रस्ते अडवले, खाली सरकारचं ठाणं असलेल्या ला पासमध्ये इंधन संपलं, की ११ ऑक्टोबर २००३ चं फर्मान डोळ्यांपुढे ठेवा: टँकर लष्कराच्या पहाऱ्यात न्यायचे आणि त्यात माणसांचं वा मालमत्तेचं जे नुकसान होईल, त्याची भरपाई सरकार देईल. भरपाईची तरतूद आधी, गोळीबार नंतर; याला म्हणतात नियोजन. त्या आंदोलनात साठच्या वर माणसं मेली.

१७ तारखेला राजीनामा संसदेकडे धाडा आणि अमेरिकेचं विमान पकडा. मायदेशाने ताबा मागितला, तरी अमेरिका देत नाही. फक्त मृतांचे नातलग फ्लोरिडाच्या कोर्टापर्यंत येतात. २०१८ मध्ये ज्यूरीने एक कोटी डॉलर भरायला सांगितले, तेही सरकारने नव्हे, गोनी आणि त्यांच्या संरक्षणमंत्र्याने. तेव्हा वकील चिवट धरा. तडजोड २०२३ पर्यंत लांबवता येते.