फायरवॉलचे पोर्ट आणि डिस्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फायरवॉलची निवड या लेखात मी फायरवॉलचे, म्हणजे जाळ्यातली वाहतूक नियमांनुसार गाळणाऱ्या यंत्राचे, पोर्ट (केबल जोडण्याच्या जागा) आणि डिस्क यांवर गरजेपेक्षा अधिक लिहिले, असा आपला आक्षेप आहे. व्हीलॅन (एकाच तारेवर आखलेले जाळ्याचे आभासी विभाग) असताना पोर्ट किती आहेत याला महत्त्व उरत नाही आणि लॉगसाठी (वाहतुकीच्या नोंदींसाठी) यूएसबी ३.० ची बाहेरची डिस्क पुरते, असे आपण म्हणता. दोन्ही मुद्दे विचारपूर्वक मांडलेले आहेत, तरीही मला ते पटत नाहीत.

लेखातलेच फोर्टिगेट ६०एफ हे फायरवॉल यंत्र घेऊ. त्याला गिगाबिटचे दहा तांब्याचे पोर्ट आहेत : दोन वॅन (इंटरनेटकडे जाणारे), एक डीएमझेड (बाहेरून पोहोचता येणाऱ्या सर्व्हरसाठी), दोन फोर्टिलिंक (त्याच कंपनीच्या स्विचसाठी) आणि पाच अंतर्गत. हे पाच पोर्ट मूळ मांडणीत (यंत्राच्या आधीपासून असलेल्या सेटिंगमध्ये) एकाच हार्डवेअर स्विचमध्ये, म्हणजे थेट एकमेकांना जोडणाऱ्या गटात, बांधलेले असतात. त्यामुळे त्यांतल्या एकाला हिशेब विभागाचा सर्व्हर आणि दुसऱ्याला पाहुण्यांच्या वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट जोडला, तर त्या दोघांमधली वाहतूक स्विचच्या पातळीवरच पार पडते आणि आपण कष्टाने लिहिलेल्या नियमांपर्यंत पोहोचतच नाही. पोर्ट त्या गटातून काढून स्वतंत्र इंटरफेस केला, किंवा आपण म्हणता तसे व्हीलॅन आखले, तरच फायरवॉल मध्ये उभी राहते. केबल कोणत्या भोकात गेली आहे, हा म्हणूनच सुरक्षेचा प्रश्न आहे.

व्हीलॅनने जाळ्याचे विभाग वेगळे होतात, तार मात्र एकच राहते. सर्व्हरचा बॅकअप आणि कॅमेऱ्यांचे चित्रीकरण एकाच गिगाबिट पोर्टवरच्या दोन व्हीलॅनमधून नेले, तर रात्री बॅकअप सुरू झाल्यावर दोघांना तोच एक गिगाबिट वाटून घ्यावा लागतो. पाहुण्यांच्या वाय-फायसारख्या हलक्या कामाला व्हीलॅन उत्तम, हे मान्य. पोर्ट मोजतानाही सावध राहावे : १००एफ या दुसऱ्या फोर्टिगेटवर चार जोड्या अशा आहेत की एकाच क्रमांकासाठी तांब्याचा आणि एसएफपीचा (फायबरचे मॉड्यूल बसवण्याच्या खाचेचा) असे दोन्ही मार्ग दिसतात, पण एका वेळी त्यांतला एकच चालतो.

आता डिस्क. यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट आणि साटाचा (आतल्या डिस्कच्या जोडणीचा) ६ गिगाबिट, ही आपली तुलना आकड्यांत बरोबर आहे, पण अडचण वेगाची नाहीच. सेकंदाला २०० नोंदी आणि प्रत्येक नोंद ५०० बाइटची धरली, तर सेकंदाला जेमतेम १०० किलोबाइट लिहिले जातात. जुन्या यूएसबीलाही ते सहज झेपेल. खरी अडचण ही की फोर्टिगेटचा यूएसबी पोर्ट मांडणीची प्रत, फर्मवेअर (यंत्राचे स्वतःचे सॉफ्टवेअर) किंवा मोडेम यांसाठी आहे. चालू लॉग त्यावर लिहिले जात नाहीत. शिवाय स्वयंस्थापनेची सोय सुरू असेल, तर ठरावीक नावाची फाइल असलेला पेनड्राइव्ह लावून यंत्र पुन्हा चालू करणाऱ्याची मांडणी ते स्वीकारते. रॅकला कुलूप लावा, असा माझा आग्रह होता तो याच कारणाने.

६०एफमध्ये डिस्क नाही, त्यामुळे त्याचे लॉग स्मृतीत राहतात आणि वीज गेली की पुसले जातात. त्याच्याच ६१एफ या भावंडात १२८ जीबीची एसएसडी आहे. वरच्या हिशेबाने रोज सुमारे साडेआठ जीबी साठतात, म्हणजे ती पंधरा दिवसही पुरणार नाही. आणि मूळ मांडणीत डिस्कवरचे लॉग सातच दिवस ठेवले जातात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवापुरवठादार आणि सरकारी संस्था यांना लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. याच गतीने ते सुमारे दीड टेराबाइट होतात आणि त्यांची जागा वेगळ्या सिसलॉग सर्व्हरवरच (जाळ्यावरून आलेले लॉग साठवणाऱ्या संगणकावर) असायला हवी.

मग आतली डिस्क कशाला, असे आपण विचाराल. सिसलॉग बहुधा यूडीपी या पोचपावती न घेणाऱ्या पद्धतीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून (हा केबलचा पोर्ट नव्हे, सॉफ्टवेअरमधला क्रमांक) पाठवला जातो आणि वाटेत हरवलेली नोंद यूडीपी पुन्हा पाठवत नाही. शाखेची लिंक तुटते तेव्हाचे लॉग, म्हणजे बहुतेकदा सर्वाधिक हवे असलेले, केवळ त्या डिस्कवरच सापडतात. मुख्य कार्यालयात सर्व्हर शेजारच्याच रॅकमध्ये असेल, तर ६०एफ घेण्यास माझी हरकत नाही. जिथली लिंक वारंवार पडते अशा शाखेसाठी मात्र मी ६१एफच सुचवेन.