गुळाला पंधरा अंश कमी

माझा लॅपटॉप तापतो, ही गोष्ट आमच्या घरात सर्वप्रथम आईच्या लक्षात आली आणि तिने ती तक्रार म्हणून नव्हे, तर सोय म्हणून स्वीकारली. गेल्या डिसेंबरात थंडीमुळे विरजण लागेना, तेव्हा तिने गंगावेशीतून आणलेल्या म्हशीच्या दुधाचे पातेले एका रात्री माझ्या टेबलावर, लॅपटॉपच्या डाव्या कुशीतून गरम वारा बाहेर पडतो त्या फटीसमोर नेऊन ठेवले. मी एक वाजेपर्यंत हिशेब करत बसलो आणि सकाळी सुरीने वड्या पाडाव्यात असे दही लागले. माझ्या जागरणांना घरात काही किंमत आली ती त्या दिवसापासून.

मी करसल्लागार आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या काही छोट्या कारखानदारांची जीएसटीची विवरणपत्रे भरणे हा माझा उद्योग. जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे असते, आणि १९ तारखेच्या संध्याकाळी पिशवीभर बिले आणून टेबलावर ओतली की आपले कर्तव्य संपले, अशी माझ्या अशिलांची प्रामाणिक समजूत आहे. त्यामुळे महिन्यातले अठरा दिवस मी आणि लॅपटॉप दोघेही थंड असतो.

हिवाळा या गोडीगुलाबीत निघून गेला. एप्रिल उजाडला, कोल्हापूरचा पारा चाळिशीकडे सरकू लागला आणि लॅपटॉपने आपले खरे रूप दाखवले. आतला पंखा आधी गुणगुणत असे, तो आता गिरणीच्या पट्ट्यासारखा घरघरू लागला. मधल्या कळांवर बोट टेकले की चटका बसे, म्हणून मी शेवग्याच्या शेंगा निवडणाऱ्या बाईसारखा बोटे उचलून उचलून टंकत असे. तापमान दाखवणारा एक प्रोग्राम मी घातला (ताप आहे हे ठाऊक असताना थर्मामीटर लावण्याची हौस आपल्याला असतेच), तर त्यात आकडा आला ९८. शाळेतले शिक्षण अशा वेळी नको तेव्हा आठवते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी १०० अंशांना नव्हे, तर ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे माझ्या मांडीवर, पातळ पत्र्याच्या आड, चहाचे आधण ठेवलेले होते. आमच्या मामांच्या गुऱ्हाळावर काहिलीतला रस ११५ अंशांच्या पुढे गेला की गुळव्या डोळ्यांत तेल घालून उभा राहतो. त्या हिशेबाने माझी अब्रू गुळापासून जेमतेम पंधरा-सतरा अंश दूर होती.

येथे यंत्राच्या स्वभावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. लॅपटॉपच्या प्रोसेसरची सहनशक्ती साधारण १०० अंशांच्या आसपास संपते. तेथे पोहोचण्याच्या बेतात आला की तो जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग उतरवतो, आणि तरीही उष्णता हटली नाही तर यंत्र सरळ बंद पडते. कोल्हापुरी माणूस तापला की हात उचलतो, हे यंत्र तापले की हात टेकते. एक्सेलच्या तक्त्यात मी खालची ओळ गाठण्यासाठी कळ दाबावी, आतून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन यावे, आणि तोवर तक्ता दोन ओळी सरकलेला असावा, अशी अवस्था झाली.

उपाय सुचवणाऱ्यांची या गावात कधीच वानवा नव्हती. सौभाग्यवतींनी ओला पंचा पिळून खाली घालण्याचे सुचवले. तापात कपाळावर घड्या ठेवतात, त्याच न्यायाने. कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने लॅपटॉप दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावा असे सांगितले, आणि बाहेर काढल्यावर हवेतली वाफ त्याच्या आतल्या सर्किटवर दवासारखी जमेल हे मी समजावून सांगितल्यावर, 'मग फडक्यानं पुसायचं,' असे उत्तर दिले. मी स्वतः बाजारातून निळे दिवे लागणारे, दोन पंख्यांचे एक कूलिंग पॅड आणले. ते लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालत असल्यामुळे रोग्याचे रक्त काढून रोग्यालाच चढवण्याचा तो प्रकार होता. तापमान दोन अंशांनी उतरले आणि खोलीला मात्र गणपतीच्या मंडपाची कळा आली. एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मी रंकाळ्यावर गेलो. वारा उत्तम होता. परंतु कठड्यावर बसून जीएसटी भरणाऱ्या माणसाकडे भेळ खाणारे लोक ज्या करुणेने पाहतात, ती सोसण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

शेजारच्या आप्पांनी उभे आयुष्य फौंड्रीत काढले आहे. त्यांच्याकडे मी गाऱ्हाणे नेले, तर ते मिशीतल्या मिशीत हसले. "शंभर व्हय? आमच्याकडं चौदाशेला माल ओतत्यात, कोण बोंबलतंय का? वारा कुठं अडलाय ते बघ आधी." मी यावर विचार करण्याऐवजी रागावलो, ही माझी चूक.

खरा उपयोग झाला तो पोळपाटाचा. तो लॅपटॉपखाली घातला की त्याच्या तीन पायांमुळे खाली चांगला दोन बोटे वारा खेळतो, आणि लॅपटॉप हवा खेचतो ती खालच्याच जाळीतून. तापमान थेट सात अंशांनी उतरले. हजार रुपयांच्या कूलिंग पॅडला जे जमले नाही ते सागवानी पोळपाटाने करून दाखवले, हे मी मोठ्या उत्साहाने स्वयंपाकघरात जाहीर केले. आतून प्रश्न आला, "मग चपात्या काय आता मी लॅपटॉपवर लाटू?" त्यानंतर पोळपाटाचे वेळापत्रक ठरले: रात्री साडेनऊपर्यंत त्यांचा, पुढे माझा. महिनाभर माझ्या विवरणपत्रांना पिठाचा हलका वास येत असे.

मे महिन्याच्या २० तारखेला रात्री अकरा चाळीसला, शेवटचे विवरणपत्र भरत असताना, पडदा काळा झाला. पोळपाट होता, टेबलफॅन होता, निळे दिवे होते, तरीही झाला. त्या रात्री मी काय केले ते सांगण्यास आता संकोच वाटत नाही: मी लॅपटॉप उचलून देवघरासमोरच्या गार शहाबादी फरशीवर उभा ठेवला, पुठ्ठ्याने वारा घातला, अंबाबाईला हात जोडले आणि अकरा बावन्नला ओटीपी टाकून विवरणपत्र रवाना केले. आई दारात उभी राहून हे पाहत होती. तिला वाटले, आरती चालली आहे.

दुसऱ्या दिवशी मी राजारामपुरीत एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मुलगा विशीतला होता. त्याने खालचे दहा स्क्रू काढून झाकण उचलले, पंखा बाजूला केला आणि काही क्षण तो बोललाच नाही. मग चिमट्याने त्याने एक वस्तू बाहेर काढली व माझ्या तळहातावर ठेवली. पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पात्यांची जी फणी असते, तिच्यासमोर बेतून कापावी तशी ती बसली होती: बोटभर लांब, नमद्यासारखी दाबून घट्ट झालेली पट्टी. मी ती उजेडात धरली. ती करडी नव्हती. तिच्यात जांभळे तंतू होते. आजीच्या जांभळ्या इरकल लुगड्याची गोधडी मी तत्काळ ओळखली, कारण गेली दोन वर्षे त्याच गोधडीवर लॅपटॉप ठेवून, उशीला टेकून, मी काम करत आलो होतो.

"काका," तो गंभीरपणे म्हणाला, "झोपताना पांघरूण घेतो काय तुमचा लॅपटॉप?"

त्याने मग मला ती तांब्याची नळी दाखवली. तिच्या पोटात थेंबभर पाणी असते. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, ती फणीकडे जाऊन थंड होते आणि पाणी होऊन परत येते. त्या फणीवर पंख्याचा वारा पोहोचला तरच हे रहाटगाडगे चालते. आमच्याकडे तो वारा आजीच्या लुगड्याने अडवला होता. म्हणजे आप्पांनी लॅपटॉप न पाहता ओळखले होते, आणि ही गोष्ट त्यांना न कळू देण्याची मी आजवर काळजी घेतली आहे. प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामधली, उष्णता पुढे पोहोचवणारी पेस्ट वाळून भिंतीच्या पोपड्यासारखी झाली होती. ती खरवडून त्याने मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि सहाशे रुपये घेतले.

घरी येऊन मी तापमान पाहिले: ६२. पंखा आहे की नाही अशी शंका यावी इतकी शांतता. पोळपाट स्वयंपाकघरात परतला, कूलिंग पॅड भाच्याला दिले. मी आईला बोलावून डावी फट दाखवली व तिथे हात धरायला सांगितले. तिने बराच वेळ हात धरला, पालथा करून पुन्हा धरला. तिचा चेहरा उतरत गेला.

"एवढा गार?" ती म्हणाली. "मग थंडीत विरजण कुठं ठेवू मी?" आणि जरा थांबून, आवाज खाली आणून, "त्या पोराला विचार की रं, त्यो कापूस ठिवलाय का त्यानं."