आकाशातली माटोळी

समजा पात्रांव (गोव्यात मालकाला असं म्हणतात), तुम्ही डीटीएच कंपनीचे मालक आहात आणि तुमच्या हाती नवाकोरा उपग्रह आला आहे. आधी अभिनंदन. चवथीला अजून अवकाश आहे, पण नारळ आत्ताच फोडून घ्या. आता प्रश्न असा, की या उपग्रहाचं करायचं काय? तुमच्याकडे इंजिनियर आहेत, मार्केटिंगवाले आहेत, पण त्यांच्यातल्या कुणीही गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या चिऱ्याच्या घरात बसून जून ते सप्टेंबर टीव्ही पाहिलेला नसणार. मी पाहिला आहे. म्हणजे पाहायचा प्रयत्न केला आहे. त्या अधिकारानं हा फुकटचा सल्ला.

उपग्रह म्हणजे काय, हे निदान उद्घाटनाच्या भाषणापुरतं माहीत असू द्या. उदाहरणादाखल जीसॅट-२४ घ्या. इस्रोनं बांधलेला, ४,१८० किलो वजनाचा. २३ जून २०२२ च्या पहाटे, आपल्या घड्याळानं, तो फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटवर बसून वर गेला. त्याची सगळीच्या सगळी क्षमता टाटा प्लेला भाड्यानं देऊन झाली होती. एनएसआयएल या सरकारी कंपनीचा असा हा पहिलाच व्यवहार: गिऱ्हाईक आधी, उपग्रह मागाहून. (आमच्या छपरावरची डिश दुसऱ्याच कंपनीची आहे. तिचं नाव घेत नाही. नाव घेतलं की सिग्नल जातो, असा आमच्या घरात समज आहे.)

त्या उपग्रहावर केयू बँडचे, म्हणजे डीटीएचच्या लहरींच्या पट्ट्याचे, २४ ट्रान्सपॉन्डर आहेत. ट्रान्सपॉन्डर म्हणजे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर बसवलेला निरोप्या. खालून आलेला सिग्नल घ्यायचा, त्याची वारंवारता बदलायची, त्याला जोर चढवायचा आणि परत खाली सोडायचा, एवढंच त्याचं काम. मला विचाराल तर ही आकाशात बांधलेली माटोळी आहे. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि ती नारळ, सुपारीची शिपटं, तवशी, चिबूड, आंबाडे, कांगलां आणि नावंही ठाऊक नसलेली रानफळं बांधून भरतात. चार बोटं जागा मोकळी दिसली तरी आमची काकी बेचैन होते आणि कुणाला तरी परत बाजारात पिटाळते. पण माटोळीची गंमतच अशी, की तिच्यात प्रत्येक वस्तू वेगळी. त्यासाठी माणसं रान पालथं घालतात.

तुम्ही असले कष्ट घेऊ नका. तुम्ही चोवीस खणांत चोवीस नारळ टांगा.

तोच सिनेमा चार चॅनेलांवर चार वेळांना लावा. तीच मालिका संध्याकाळी, मध्यरात्री, पहाटे आणि जेवणाच्या वेळी दाखवा, म्हणजे रविवारी तिचा 'महाएपिसोड' करायला मोकळे. शिवाय एचडीचं गणित आहेच. २०१९ मध्ये ट्राय या सरकारी नियामकाचे नवे दर आले तेव्हा १०० चॅनेलांना १३० रुपये नेटवर्क शुल्क ठरलं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्या मोजणीत एक एचडी चॅनेल दोन साध्या चॅनेलांच्या बरोबरीचं धरलेलं होतं. म्हणजे गिऱ्हाइकानं एकाच चॅनेलच्या दोन्ही आवृत्त्या घेतल्या, तर सासू एक, सून एक, भांडण एक आणि चॅनेलं तीन. पुढे जुलै २०२४ मध्ये त्या शुल्कावरची कमाल मर्यादाही उठली. एवढी मोकळीक मिळाल्यावरही तुम्ही 'आता वेगळं काय दाखवावं' असा विचार करत बसलात, तर तुम्ही धंद्यात नवखे आहात.

उरलेल्या जागेत 'सेवा' घाला. स्वयंपाक सेवा, नृत्य सेवा, इंग्रजी सेवा आणि देवदर्शन सेवा, दिवसाला दोन-अडीच रुपये. पहिले काही दिवस फुकट द्या आणि पुढे आपोआप चालू राहू द्या. देवळाची घंटा आम्हाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू येते, तरीही आमच्या काकीनं नकळत चार महिने पडद्यावरच्या आरतीचे पैसे भरले. कुठल्या बटणावर बोट पडलं, ते तिला आजतागायत कळलेलं नाही. ते बटण सांभाळा. सगळ्या उपग्रहापेक्षा त्याची कमाई जास्त आहे.

आता चित्राकडे वळू. नवी जागा मिळाली म्हणजे प्रत्येक चॅनेलला थोडी ऐसपैस जागा देता येईल आणि चित्र स्वच्छ दिसेल, असं एखादा भाबडा इंजिनियर सुचवील. त्याची बदली करा. डिजिटल चित्र कितीही दाबता येतं. दोन माणसं खुर्चीत बसून बोलत असतील तर दाबलेलं कळतही नाही. घोटाळा फक्त फुटबॉलमध्ये होतो, कारण तिथं सगळंच एकदम हलतं. आणि गोव्यात वर्ल्डकपच्या दिवसांत वाड्यावाड्यांवर ब्राझील आणि पोर्तुगालचे झेंडे लागतात, हे तुमच्या मुख्यालयाला कुठून ठाऊक असणार? आमच्या पडद्यावर मैदानाचं गवत विहिरीतल्या शेवाळासारखं दिसतं. चेंडू कॉर्नरवरून निघताना गोल असतो आणि गोलपाशी पोचेपर्यंत चौकोनी होतो. पण त्यावरही उपाय तुमच्याकडेच आहे: 'स्वच्छ चित्र हवं असल्यास एचडी पॅक घ्या.'

उपग्रह शक्यतो जुन्याच जागी, जुन्याच्या शेजारी उभा करा. जीसॅट-२४ असाच ८३ अंश पूर्वेला आहे, जिथं आधीपासून डिशा तोंड करून बसल्या होत्या. त्यामुळे कुणाची डिश फिरवावी लागत नाही. मात्र फिरवावी लागत नाही म्हणून भेटीचे पैसे सोडायचे, असा अर्थ काढू नका. 'तुमचा सिग्नल नव्या उपग्रहासाठी तपासावा लागेल' असा मेसेज पाठवा आणि एक पोरगा धाडा.

आमच्याकडे आलेला पोरगा भला होता. गोव्यातून हे डीटीएचचे उपग्रह आग्नेयेच्या अंगाला दिसतात, बरेच उंच. आमच्या घरी त्या दिशेला नेमका माड उभा आहे. पोरगा गच्चीवर, मी जिन्यात, काकी हॉलमध्ये. पोरगा नट सैल करून डिश करंगळीएवढी सरकवायचा आणि ओरडायचा, "आयलें?" मी तेच खाली पोचवायचो. काकी वर ओरडायची, "आयलें, आयलें... गेलें!" असं चाळीस मिनिटं चाललं. अखेर चित्र आलं तेव्हा पोरगा डिशला दोन्ही हातांनी धरून उभा होता. हात काढला की जायचं. मग त्यानं नट आवळले, काकीकडून कोकम सरबत घेतलं, पैसे घेतले आणि जाताना माडाकडे बोट दाखवून म्हणाला, "पाडेलीला बोलवा." पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. म्हणजे उपग्रह इस्रोचा, रॉकेट युरोपचं, आणि देखभाल आमच्या पाडेलीकडे. ही विभागणी मला तरी आदर्श वाटते. पाडेलीचा पगार तुमच्या खात्यातून जात नाही, हे ध्यानात घ्या.

हेल्पलाइनबद्दल फार लिहीत नाही. मराठीसाठी तीन दाबायला सांगा आणि तीन दाबल्यावर हिंदी बोलणारा माणूस द्या. गोवा म्हटल्यावर त्यानं "वा सर, मजा है आपकी" एवढं म्हटलं, की निम्मी तक्रार तिथंच विरघळते.

जुन्या लोकांचं ऐकू नका. ते तुम्हाला १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या 'साइट' प्रयोगाची आठवण देतील. त्यात अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले होते. गावच्या गाव एका टीव्हीसमोर बसायचं. आता एका घरात तीन टीव्ही आहेत आणि शेतीचं म्हणाल तर आमच्या खाजणातल्या शेतात कोण उतरतं? असली उदाहरणं तुमच्या बैठकीत निघाली, तर चहा मागवा.

एक अडचण मात्र तुम्हालाही चुकणार नाही. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपता संपता, काही दिवस दुपारच्या सुमाराला सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. डिशला सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो आणि काही मिनिटं चित्र बंद. हा वेळ वाया घालवू नका. 'सूर्यदर्शन सेवा' असं नाव द्या आणि पॅकमध्ये घाला. सूर्य तक्रार करणार नाही.

आणि पाऊस. पावसाविषयी तुम्हाला काही सांगायला हवं, असं नाही. आपल्या केयू बँडच्या लहरी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या. मोठे थेंब त्या शोषतात, विखुरतात. जुन्या सी बँडच्या लहरींना पावसाचं फारसं काही वाटत नसे, पण त्यांच्या डिशा अंगणभर. तुम्ही डिश भिंतीवर मावेल एवढी केलीत आणि पाऊस आमच्या वाट्याला दिलात. यावर इलाज आहेत. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० ची डिश दिली तर सव्वादोनपट सिग्नल गोळा होतो. पावसाळी प्रदेशावर थोडा जास्त जोर पडेल अशी उपग्रहाची अँटेनाही घडवता येते. पण असला आततायीपणा करू नका. पाऊस फुकट आहे आणि त्याला हेल्पलाइन नाही.

गेल्या जुलैत रात्री साडेआठला आमच्या मालिकेतल्या सुनेनं लखोटा हातात घेतला. लखोट्यात मृत्युपत्र. तीन महिने काकी त्या लखोट्यासाठी थांबली होती. सुनेनं कोपरा फाडला, तिचा चेहरा चौकोन चौकोन झाला, मग पडदा काळा आणि 'सिग्नल नाही, केबल तपासा'. बाहेर कवलांवर नुसता धो धो. मी काकीला समजावलं, की सिग्नल छत्तीस हजार किलोमीटर सुखरूप आला, पण पाऊस असतो तो शेवटच्या पाचेक किलोमीटरमध्ये. ती म्हणाली, "म्हणजे एवढा वर जाऊन आला, आणि आमच्या दारात भिजला?"

मग ती छत्री घेऊन शेजारी गेली. तिथंही पडदा काळाच. तिसऱ्या घरातली बाय मेणबत्ती घेऊन आली, कारण तोवर लाईटही गेली होती. तिघींनी सोप्यावर बसून ठरवलं, की मृत्युपत्र कोरं निघालं पाहिजे. सासरा लिहायच्या आधीच गेला, आणि घरातल्या सगळ्यांनी एवढे दिवस कोऱ्या कागदासाठी एकमेकांचे गळे धरले. रात्री बाराला पाऊस ओसरल्यावर लाईट आली आणि पुनःप्रसारण लागलं. सुनेनं लखोटा उघडला आणि त्यात दुसरा लखोटा निघाला. काकीनं टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाड्यावर कोऱ्या कागदाचीच गोष्ट चालू होती.

याचे पैसे लावायचे तुमचे राहून गेलेत.