फॅक्टरी मॅपिंगला हात लावू नये? एका प्रतिक्रियेला उत्तर

मॅपिंग बदलण्यावरच्या माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. नुसत्या 'छान लेख'पेक्षा अशी प्रतिक्रिया कधीही परवडते. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. डीजे कंट्रोलरचं मूळ मॅपिंग (कोणतं बटण सॉफ्टवेअरमध्ये काय करेल याची जोडणी) कंपनीतल्या जाणकारांनी विचार करून बनवलेलं असतं, ते बदलणं ही निव्वळ हौस. स्वतःच्या मॅपिंगची सवय लागली की दुसऱ्याच्या सेटअपवर माणूस अडतो. आणि बदलायचंच असेल तर 'मिडी लर्न' (बटण हलवलं की सॉफ्टवेअर ते ओळखून जोडून घेतं) आहे की, एक्सएमएल आणि स्क्रिप्ट (मॅपिंगची फाइल आणि तिच्यासोबतचा छोटा कोड) हे डीजेचं काम नव्हे. शेवटी स्वतःचा अनुभवही दिलाय: लर्न करून जॉग व्हील (गाणं पुढे-मागे सरकवायचं गोल चाक) जोडलं, तर पुढे फिरवल्यावर गाणं जेमतेम सरकतं आणि मागे फिरवलं तरी पुढेच झेप घेतं, म्हणून सगळं पुसून टाकलं.

सुरुवात या जॉगपासूनच करतो, कारण तुमच्या लर्नच्या मुद्द्याचं उत्तर त्यातच आहे.

जॉग व्हीलला फेडरसारखी, म्हणजे सरकवायच्या दांडीसारखी, वरची-खालची जागा नसते, ते गोल फिरतच राहतं. त्यामुळे ते फक्त 'एक घर पुढे' किंवा 'एक घर मागे' एवढंच सांगतं. अडचण अशी की मिडी (कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर ज्या संदेशांत बोलतात ती पद्धत) १९८३ सालचं आहे आणि त्याच्या संदेशातला आकडा ० ते १२७ मध्येच बसावा लागतो. उणे चिन्हाला तिथे जागाच नाही. मग हार्डवेअरवाल्यांनी आपापले संकेत ठरवले. काहींचं व्हील पुढे फिरवल्यावर १ पाठवतं आणि मागे फिरवल्यावर १२७, म्हणजे १२७ हा उणे १ समजायचा. काहींनी ६४ हा मध्य धरला: पुढे ६५, मागे ६३. तुमचं व्हील पहिल्या जातीचं दिसतंय, आणि सॉफ्टवेअर ते आकडे सरळ वाचतंय. पुढे फिरवलं की एक घर पुढे, मागे फिरवलं की एकशे सत्तावीस घरं पुढे! बिघडलेलं काहीच नाही.

ट्रॅक्टर या डीजे सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोलर मॅनेजर उघडून त्या नोंदीचा एन्कोडर मोड '७एफएच/०१एच' (म्हणजे १२७ आणि १ च, फक्त हेक्स पद्धतीनं लिहिलेले) करा, काम झालं. मिक्स्समध्ये (स्पेलिंगमध्ये तीन एक्स असलेलं, मुक्तस्रोत डीजे सॉफ्टवेअर) स्क्रिप्टमध्ये एकच अट लागते: आकडा ६३ पेक्षा मोठा असेल तर त्यातून १२८ वजा कर. स्क्रिप्ट म्हणजे बऱ्याचदा एवढंच असतं हो. लर्नला फक्त आलेला संदेश दिसतो, त्याचा अर्थ ते फार तर ताडू शकतं.

गाण्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पिच फेडरचंही तेच. रेंज अधिक-उणे ८ टक्के ठेवली तर पूर्ण पट्टा १६ टक्क्यांचा. तो १२७ पायऱ्यांत वाटला की एक पायरी साधारण ०.१२६ टक्क्यांची होते. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) गाण्यात हा फरक ०.१६ बीपीएम भरतो. तुम्हाला हवा असलेला वेग नेमका दोन पायऱ्यांच्या मध्ये पडला, तर मिनिटाभरात दोन गाणी जवळपास ३८ मिलिसेकंदांनी सरकतात आणि किक दुहेरी ऐकू येऊ लागते. (सिंक, म्हणजे वेग आपोआप जुळवणारं बटण, दाबणाऱ्यांना हे कधी कळतच नाही. टोमणा नाही, खरंच कळत नाही.) बरेच कंट्रोलर यावर उपाय म्हणून फेडरची जागा दोन संदेशांत मिळून १४ बिटमध्ये पाठवतात, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. पण मॅपिंगमध्ये त्यातला पहिलाच संदेश बांधला गेला, तर बारकावा हार्डवेअरमध्ये असूनही हातात येत नाही. कानाला वाटतं फेडरच स्वस्तातला आहे.

आता 'कंपनीतल्या जाणकारांनी विचार केलेला असतो' याबद्दल. केलेला असतो, पण बहुतेक वेळा ज्या सॉफ्टवेअरसोबत तो डबा विकला जातो त्याच्यापुरता. दुसरं सॉफ्टवेअर घेतलंत की त्यातलं मॅपिंग बऱ्याचदा तुमच्या-माझ्यासारख्याच कुणीतरी केलेलं असतं. दोन फेडरच्या कंट्रोलरवर चार डेक (एका डेकवर एक गाणं वाजतं) चालवून बघा. डेक १ वरून ३ वर गेलात की फेडर शारीरिकदृष्ट्या एका जागी आणि सॉफ्टवेअरमधली किंमत दुसऱ्याच. सॉफ्ट टेकओव्हर चालू नसेल तर फेडरला बोट लागताच वेग उडी मारतो. ते चालू असेल तर फेडर जुन्या किमतीपर्यंत पोहोचेपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एवढी एक खूण करायला कुणी विसरलं असेल, तर भर सेटमध्ये कळतं.

दुसऱ्याच्या सेटअपवर अडण्याचं मात्र मला निम्मं पटतं. प्ले, क्यू, ईक्यू, क्रॉसफेडर यांना मी कधीही हात लावत नाही, आणि कुणी लावूही नये. बोटं तिथे डोळे मिटून जातात, ती मोडायची कशाला? माझे बदल असतात ते पॅडच्या दुसऱ्या थरात आणि शिफ्टसोबत. उदाहरणार्थ, शेवटच्या पॅडवर मी बेस किल ठेवलाय: दाबून धरला तोवर बेस गायब, सोडला की परत. यातली मेख सोडण्यात आहे. पॅड सोडल्यावर काही कंट्रोलर वेगळा 'नोट ऑफ' पाठवतात, तर काही तोच 'नोट ऑन' शून्य व्हेलॉसिटीनं (दाबण्याच्या जोराचा आकडा). स्क्रिप्टनं हा शून्य तपासला नाही तर सोडणं हेही दाबणंच ठरतं आणि बेस गेला तो गेलाच. दुसऱ्याच्या कंट्रोलरवर हे पॅड नसेल तर बेसचा लो नॉब फिरवतो. त्यानं कुणाचं अडत नाही.

मूळ फाइल मात्र बदलू नका. तिची प्रत वेगळ्या नावानं तुमच्या स्वतःच्या मॅपिंग फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर पुढच्या अपडेटला केलेलं काम पुसलं जाऊ शकतं. ट्रॅक्टर वापरत असाल तर टीएसआय फाइल (त्यात तुमचं मॅपिंग साठवलेलं असतं) एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवरही टाका.

आणि पुसलेलं मॅपिंग पुन्हा करण्याआधी एखादा मिडी मॉनिटर (कंट्रोलरचे संदेश दाखवणारा प्रोग्राम) उघडा. व्हील दोन्ही बाजूंना अगदी हळू, एकेक घर फिरवा आणि कोणते आकडे येतात ते इथे लिहा. जोरात फिरवू नका, कारण मग २, ३ किंवा १२६, १२५ असेही येतील आणि गोंधळ वाढेल. ६५ आणि ६३ दिसले तर माझा अंदाज चुकीचा. मग १२८ ची अट काढून सरसकट ६४ वजा करायचे.