शुगर तपासायची आहे, निर्जळी एकादशी नाही

"खरी शुगर हवी? 16 तास पाण्याचा थेंबही नको, सकाळी चहा नको, रात्रीची गोळी मात्र चुकवू नका. जेवणानंतरच्या तपासणीला फक्त दोन बिस्किटं खा. आधी आठवडाभर गोड बंद." हा मेसेज घरच्या ग्रुपवर तीनदा आला आणि तिन्हीदा मी गप्प बसलो. सत्तरीच्या आत्याने तो मनावर घेतला.

दुपारी चारला चहा, मग काही नाही. रात्री ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी कोरडीच गिळली. सकाळी लॅबच्या बाकावर तिला दरदरून घाम फुटला, घाम टिपायला धरलेला पदर हातात राहीना. बोट टोचलं तर शुगर फक्त 54! समोरच्या टपरीवरून साखरेचं पाणी आणून पाजलं तेव्हा कुठे ती धड बोलायला लागली.

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती विचारत नाही. उपाशीपोटी ती घ्या म्हणणाऱ्याला काय म्हणावं? तपासणीच्या दिवशी गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंदही करू नका.

राहिले ते 16 तास. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या व्याख्येत फास्टिंग म्हणजे किमान 8 तास कॅलरी पोटात न जाणं. पाण्यात कॅलरी नसते, ते खुशाल प्या. मधुमेहाच्या निदानाचा 126 (मिग्रॅ/डेसिलिटर) हा आकडाही याच उपासासाठी आहे. दुप्पट उपाशी राहून शुगर दुप्पट खरी होत नाही.

आमची भाचेसून सहाव्या महिन्यात आहे, मेसेज तिलाही गेलाय. आपल्याकडे गरोदरपणी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, त्यासाठी उपाशी राहावं लागतच नाही.

बिस्किटं? मग रिपोर्टही बिस्किटांचाच येणार. रोजचं जेवा, पहिल्या घासापासून दोन तास मोजा.

चहाचं मात्र बरोबर आहे, दूध-साखरेने उपास मोडतो. आठवडाभर गोड सोडलं तर फास्टिंगचा आकडा थोडा उतरेलही, मान्य. पण एचबीए1सी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा हिशेब काढते, आणि तीही उपाशी न राहता.

आत्याची तपासणी आता शनिवारी आहे. रात्री नऊला भाकरी-आमटी, सकाळी साडेसहाला लॅब. गोळीचं तिच्या डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.